साहेबांचं ऊन

लाइटमधलं मला कुणी शिकवायला आलं की माझं डोकं फिरतं. शाळेत मी फार रमलो नाही हे खरं, पण वायर कुठून येते आणि कुठं जाते ते मला आमच्या मास्तरांच्या आधी कळायला लागलं होतं. या गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या माझ्या हाताने पेटल्यात. नाट्यगृहात पडदा वर गेला की जो उजेड पडतो, तो मी पाडलाय. दाताच्या डॉक्टरकडे खुर्चीवर जो दिवा वाकून तुमच्या घशात बघतो ना, तोसुद्धा मीच वाकवलाय. आणि आमची लेक निघताना मला म्हणते, "बाबा, लाइटचं तेवढं नीट बघा हं." आता मला लागणार नाही तर काय होईल!

आणि लाइट कुणाची? सरड्याची.

सरडा म्हणायचं नाही, ड्रॅगन म्हणायचं. दाढीवाला ड्रॅगन. चित्रातले ड्रॅगन मी पाहिलेत. ते आग ओकतात, गावं जाळतात. हा ओकला असता तर फार तर अर्धवट चावलेलं गाजर ओकला असता. वीतभर अंग, वीतभर शेपूट, गळ्याखाली काट्यांची झालर, आणि चेहरा असा की तुमचा अर्ज नुकताच नामंजूर करून बसलाय. पेटीतल्या दगडावर पोट टेकायचं, डोळे अर्धे मिटायचे आणि समोरच्याची दखल घ्यायची नाही. मी पहिल्याच दिवशी त्याला साहेब म्हणायला लागलो. लेकीने कायतरी परदेशी नाव ठेवलं होतं, ते माझ्या जिभेवर बसलं नाही आणि त्याच्या थोबाडालाही शोभलं नाही.

झालं असं की लेकीला दुसऱ्या गावी नोकरी लागली. तिथं मिळाली एक खोली, आणि खोलीच्या मालकिणीला प्राणी चालत नाहीत. म्हणून सोय होईपर्यंत साहेब आमच्याकडे. सामान आणताना टेम्पोत साहेबांची काचेची पेटी वाचली, पण वरची लाइट फुटली. नवी निवडून बसवायची एवढंच काम. मी हसलो. लेक मला समजावत होती, "बाबा, त्याला एका कोपऱ्यात चांगली ऊब लागते, दुसरा कोपरा गार. आणि वर उन्हासारखा उजेड हवा. तो नाही मिळाला तर त्याची हाडं मऊ पडतात. जीव त्या लाइटवर आहे त्याचा." मी हो हो म्हणत होतो. गाडी सुटली तेव्हा तिच्या डोळ्यात पाणी होतं. आमच्यासाठी नव्हतं ते. आईबापाला एक हात हलवून टाटा, आणि पाणी सरड्यासाठी.

मी माझ्या दुकानातून एक फ्लडलाइट आणला. मैदानावर लावतात त्याचा धाकटा भाऊ. खोलीत पेटवला तर भिंतीवरच्या रंगाचे डाग दिसायला लागले, बायकोच्या कपाळावरच्या आठ्या दिसायला लागल्या, आणि कपाटामागे हरवलेला माझा टेस्टरसुद्धा सापडला. म्हटलं, घे साहेबा, याच्यापेक्षा मोठं ऊन कुठं मिळेल? साहेबांनी एकदा वर बघितलं, डोळे मिटले, आणि दगडामागे जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले.

"अहो, चौकशीला बसवलंय का त्याला?" आमची ही म्हणाली.

"उन्हासारखा उजेड आहे हा."

"मग ऊब कुठाय? हात लावून बघितला मी. गार आहे खालचा दगड."

आता हे मला सुचायला हवं होतं, ते हिला सुचलं, म्हणून मी ते ऐकलंच नाही असं केलं. दुसऱ्या दिवशी गुपचूप नाटकाच्या सामानातला एक हॅलोजन आणला आणि एका कोपऱ्यावर रोखला. दगड तापला. साहेब आले, बसले, अंग पसरलं. हे एक माझं पहिल्या फटक्यात बरोबर निघालं. त्याचं कौतुक आजपर्यंत कुणीही केलेलं नाही, म्हणून मीच इथं करून घेतो.

एवढ्यावर थांबलो असतो तर बरं. पण मला एक मेव्हणा आहे. तो बँकेत आहे, म्हणजे जगातल्या कुठल्याही विषयावर बोलायला मोकळा आहे. संध्याकाळी चहाला आला आणि पेटीसमोर खुर्ची ओढून फोन काढला.

"भाऊजी, याला दिवे मालवल्यावर लाल दिवा लागतो."

"कुणी सांगितलं?"

"हे बघा ना, लिहिलंय. लाल उजेड त्यांना दिसत नाही. म्हणजे झोप पण होते आणि ऊब पण राहते."

"लिहिणारा कोण आहे?"

त्याने फोन माझ्यासमोर धरला. लिहिणाऱ्याच्या फोटोत एक कुत्रा होता. मी म्हटलं, अरे, या माणसाकडे कुत्रा आहे. तो म्हणाला, "भाऊजी, तुमचा अभ्यासावर विश्वासच नाही." बायको लगेच भावाच्या बाजूने उभी. "लावून बघायला काय जातंय तुमचं?" काय गेलं ते सांगतो. अब्रू गेली.

आमची खिडकी रस्त्यावर आहे. लाल दिवा लागला, पडदा पातळ, आणि अंधार पडतापडता बेल वाजली. दारात बिल्डिंगचे सेक्रेटरी. हे आमच्या खालीच राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना फक्त बिल्डिंग उरली आहे, आणि बिल्डिंगला ते.

"काही नाही, सहज आलो," ते माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाले. "खालून तुमची खिडकी लाल दिसते."

"लाल दिवा आहे."

"ते दिसलंच. बरं, सध्या घरात कोण कोण असतं?"

"मी, बायको आणि साहेब."

"साहेब?" त्यांचा आवाज खाली आला. "हे साहेब रोज असतात?"

"इथंच राहतात. आत्ता आत दिव्याखाली पडलेत. या ना, बघा."

"नको, नको. मी तुम्हाला इतकी वर्षं सज्जन म्हणून ओळखतो."

तेवढ्यात ही बाहेर आली आणि म्हणाली, "सरडा आहे हो भाऊजी." तेव्हा कुठं त्यांच्या तोंडावर रंग आला, आणि लगेच दुसरा रंग आला. सरडा! बिनपरवानगी! आत येऊन त्यांनी पेटीभोवती एक चक्कर मारली, आणि मग बिल्डिंगचे नियम तोंडपाठ म्हणून दाखवले. कुत्रा चालतो, मांजर चालतं, पक्षी आणि मासे चालतात. सरपटणाऱ्याचं नावच नाही.

"म्हणजे बंदी नाही," मी म्हटलं.

"परवानगीही नाही."

"बंदी नाही ना पण?"

"परवानगी आहे का ते सांगा."

असं बराच वेळ चाललं. शेवटी ठरलं की कमिटीत विषय घ्यायचा. कमिटीत तो गाजला म्हणे. साहेब काचेच्या पेटीत राहतात, तेव्हा त्यांना मासा धरायला काय हरकत आहे, असंही एकाने सुचवलं. त्यावर चर्चा झाली! शिकलेली माणसं आहेत सगळी. अखेर निघालं असं की कमिटी घरी येऊन पाहणी करेल, आणि प्राणी निरुपद्रवी आहे अशी खात्री पटली तर राहू देईल. पाहणी कधी? सगळ्यांना सवड झाली की. लाल दिवा मी काढून मेव्हण्याला भेट दिला.

इकडे साहेबांचं खाणं कमी व्हायला लागलं. त्यांच्या खाण्याबद्दल न बोललेलं बरं. जन्मभर ज्या घरात झुरळं मारायचं औषध आणलं, त्या घरात मी आता डबा भरून रातकिडे विकत आणत होतो, आणि वर त्यांना कोबीची पानं खायला घालत होतो, कारण रातकिडा धष्टपुष्ट असला तर साहेबांना चांगला म्हणे. आमच्या हिने त्या डब्यासाठी स्वयंपाकघराच्या बाहेर एक फळी दिली आणि सांगितलं, "ही रेघ. डबा आत आला तर मी बाहेर जाणार." तो आणलेला माल साहेब बघतसुद्धा नव्हते.

मी पाळीव प्राण्यांच्या दुकानात गेलो. दुकानदार गळ्यात पोपट बसवल्यासारखा बोलायचा. सरडा म्हटल्यावर त्याने एक पिळाचा बल्ब काढून ठेवला.

"हे घ्या. यातून तो खास उजेड येतो. उन्हातला."

मी पेटवून बघितला. निळसर, मरतुकडा. "अहो, याच्यापेक्षा जास्त उजेड माझ्या फ्रीजमध्ये आहे."

"तो उजेड दिसत नाही, काका. तो न दिसणारा असतो."

"न दिसणारा उजेड?"

"हो."

"मग तो येतोय हे तुम्हाला कसं कळतं?"

"खोक्यावर लिहिलंय ना."

मी हसलो. दुकानातला पोपटसुद्धा माझ्या बाजूने हसला असता. न दिसणारा उजेड! उद्या मी एखाद्याच्या हॉलमध्ये अंधार ठेवला आणि म्हटलं की लाइट लावलीय, पण न दिसणारी आहे, तर तो मला जिन्यावरून खाली सोडेल. पण लेकीने सांगितलं होतं म्हणून घेतला, लावला, आणि तिकडे बघणं सोडून दिलं.

मग एके सकाळी साहेबांचा मागचा पाय थरथरायला लागला. दगडावर चढताना घसरला आणि तसाच पडून राहिला. रातकिडा सोडला तर तो त्यांच्या नाकासमोर बसून मिशा साफ करायला लागला. माझ्या दुकानात साहेब लोक पुष्कळ येतात, त्यांची मी कधी दया केली नाही. पण याला तसा पडलेला बघून मी दुकान उघडायचं सोडलं आणि टॉवेल शोधायला लागलो.

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेला. त्यांनी त्याला तळहातावर घेतला, बोटाने खालचा जबडा दाबला आणि माझं बोट धरून तिथं लावलं. रबर. ओल्या वॉशरसारखं लागत होतं.

"हाडांतला दम चाललाय," त्या म्हणाल्या. "जबडा असा मऊ पडला की तो चावू शकत नाही, आणि चावलं नाही की संपलं. हे औषध द्या. पण खरं औषध लाइट. पिळाचा बल्ब फेका. लांब ट्यूब येते सरड्यांसाठी, ती मागवा, त्याच्या डोक्यावर हातभर उंचीवर लावा. आणि काका, ट्यूब आणि तो, यांच्या मध्ये काही येऊ देऊ नका."

"मध्ये काय येणार?" मी म्हटलं.

ती ट्यूब आमच्या गावात मिळेना. मागवली. पार्सल आलं आणि पार्सल ऑफिसात अडकलं. खिडकीमागे एक कारकून होता, चष्मा कपाळावर, डोळे खोक्यावर. खोक्यावर सरड्याचं चित्र छापलेलं.

"यात जिवंत प्राणी आहे," तो म्हणाला.

"यात ट्यूब आहे."

"चित्र सरड्याचं आहे."

"साबणाच्या खोक्यावर बाईचं चित्र असतं. आत बाई असते का?"

"वाद घालू नका. प्राणी असेल तर वेगळी खिडकी, वेगळी परवानगी." त्याने खोक्याला कान लावला. बराच वेळ लावला. मग आतल्या मोठ्या साहेबाला बोलावलं, त्यानेही लावला. दोघांचं ठरलं की आवाज येत नाही हे खरं, पण झोपलेला असू शकतो. तेव्हा पार्सल निरीक्षणाखाली ठेवायचं.

दुसऱ्या दिवशी गेलो तर खोकं टेबलावर, आणि शेजारी वाटीत पाणी.

"हे काय?"

"माणुसकी म्हणून," कारकून म्हणाला. "उद्या दगावला तर जबाबदारी कुणाची?"

मी म्हटलं, साहेब, माझ्या घरी जो खरोखर दगावायला आलाय त्याची जबाबदारी माझी आहे, खोकं फोडा आणि बघा. फोडायचा त्यांना अधिकार नव्हता. मला होता, पण माझ्या ताब्यात दिल्यावर. ताब्यात देता येत नव्हतं, कारण आत प्राणी असण्याची शक्यता होती. शेवटी मी खोकं उचललं आणि सगळ्यांसमोर गदागदा हलवलं. आत ट्यूब वाजली. कारकून दुःखाने म्हणाला, "असं हलवतात का हो मुक्या जीवाला?" आणि सही घेऊन दिलं एकदाचं.

आता बघा माझं काम. मी ॲल्युमिनियमची पट्टी कापली, कोपरे घासले, वायर अशी आत घेतली की शोधून सापडू नये. ट्यूब बसवली आणि खाली स्वच्छ, पुसलेली, कडा घासलेली काच सरकवली. उघडी ट्यूब माझ्या हातून कधीही लागलेली नाही. पाणी उडतं, किडे शिरतात, फुटली तर तुकडे खाली पडतात. आणि दिसतंही भिकार. उघडी ट्यूब लावणारा वायरमन म्हणजे बनियनवर लग्नाला जाणारा माणूस.

स्विच दाबला. काय दिसत होतं! मेव्हणा म्हणाला, "भाऊजी, दागिन्यांच्या दुकानात आल्यासारखं वाटतंय." सेक्रेटरी वर येऊन बघून गेले आणि म्हणाले की जिन्यात असंच करून द्या. सगळ्यांना आवडलं. ज्याच्यासाठी केलं तो तेवढा डोळे मिटून पडला होता.

दिवस जात होते आणि साहेब कलत होते. औषध पिचकारीने तोंडात सोडायचं, निम्मं बाहेर यायचं. मी त्याला रोज सकाळी बैठकीच्या खिडकीतही ठेवायचो, खऱ्या उन्हात, वारा लागू नये म्हणून तावदान घट्ट लावून. त्यानेही काही नाही. कुणी काय, कुणी काय सांगायचं. मेव्हणा म्हणाला संगीत लावा. सेक्रेटरी म्हणाले त्याला एकटं वाटत असेल, आणि आणखी एक आणायचा असेल तर वेगळी परवानगी लागेल.

लेकीचा फोन यायचा. मी साहेबांचं तोंड कॅमेऱ्याकडे धरायचो आणि थरथरणारा पाय तळव्याखाली लपवायचो.

"बाबा, तो इतका शांत का?"

"साहेब आहे. शांतच असणार."

"आईला द्या फोन."

आईने सगळं सांगितलं. आई म्हणजे आईच. परत माझ्याकडे फोन आला तेव्हा लेक हळू बोलत होती. हळू बोलली की ती माझी लेक वाटत नाही, डॉक्टर वाटते.

"बाबा, माझ्या ओळखीचे एक सर आहेत, शाळेत शिकवतात. त्यांच्याकडे असे पुष्कळ आहेत. ते येऊन घेऊन जातील त्याला. महिनाअखेरच्या रविवारी मोकळे आहेत ते."

"शाळेत शिकवणाऱ्याला लाइटमधलं काय कळतं?"

"त्यांचे सगळे जगतात, बाबा."

मी साहेबांना परत पेटीत ठेवलं.

"मला राग नाही हं आला," ती म्हणाली. "तुम्हाला जमलं नाही तर नाही जमलं."

आली असती रागावून तर चाललं असतं. शिव्या घातल्या असत्या तरी चाललं असतं. पण माझी लेक मला लाइटच्या बाबतीत माफ करते! मी फोन ठेवला आणि दुकानात जाऊन बसलो. गिऱ्हाईकाने बल्ब मागितला तर त्याला स्विच दिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो तर पेटी रिकामी. "अगं, साहेब?"

"गॅलरीत," ही कपडे वाळत घालता घालता म्हणाली. "पेटी पुसायला घेतली होती. म्हटलं, पडू दे इथं तोवर."

आमची गॅलरी उघडी आहे. घडी घातलेल्या टॉवेलवर, भर उन्हात, साहेब पडले होते. पडले नव्हते, पसरले होते. इस्त्री मारल्यासारखे सपाट, अंग काळपट झालेलं, डोळे सताड उघडे. तेवढ्यात टॉवेलच्या कडेने एक मुंगी चालली. साहेबांनी मान वाकडी केली, तिच्याकडे बघितलं, आणि जीभ काढली. मुंगी सापडली नाही. पण इतक्या दिवसांत त्या प्राण्याला पहिल्यांदा काहीतरी हवं होतं.

मग मी त्याला रोज खिडकीऐवजी तिथंच, गॅलरीत, नेऊन बसवायला लागलो. आणि रोज थोडी तरतरी. खिडकीत ऊन तेच, मग तिथं का नाही? डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

"गॅलरी उघडी आहे का?" त्यांनी विचारलं.

"उघडी."

"आणि खिडकी?"

"बंद. काच होती फक्त."

"काच होती फक्त," त्या माझंच वाक्य चावत म्हणाल्या. मग विचारलं, "काका, तुमच्या ट्यूबच्या खाली काय आहे?"

"काही नाही."

"नक्की?"

"काही नाही हो. काच आहे."

पलीकडे टेबलावर पेन आपटल्याचा आवाज आला.

"मी तुम्हाला म्हटलं होतं, मध्ये काही नको."

"अहो, काच म्हणजे काही असतं होय? काही नाही असं दिसावं म्हणूनच तर काच लावतात!"

"दिसणारा उजेड काचेतून जातो, काका. याला लागतो तो नाही जात. तो तिथंच अडतो."

म्हणजे ज्या न दिसणाऱ्या उजेडाला मी भर दुकानात हसलो होतो, तो खराच होता. आणि त्याला मी इतके दिवस, कडा घासून, पुसून, स्वतःच्या हाताने अडवून ठेवला होता. दुसऱ्या एखाद्या अडाण्याने ट्यूब सुतळीने बांधली असती तर सरडा टुणटुणीत राहिला असता. चांगलं काम करणाराच मरायचा यात.

मी हे सगळं हिला समजावून सांगितलं. हिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हणजे तुम्ही त्याला ऊन दाखवत होतात. देत नव्हतात."

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण इतकं कमी शब्दांत इतकं जास्त ती कधी बोलली नव्हती.

काच काढली. पट्टी वाकवून ट्यूब आणखी खाली घेतली, पेटीवरची जाळी मध्ये येत होती ती कापली, होल्डर उघडे पडले, वायर लोंबली. दागिन्यांच्या दुकानाचं पंक्चरचं दुकान झालं. आणि मग मी स्वतःहून लेकीला फोन केला आणि काय झालं ते सांगितलं.

"काच," ती म्हणाली.

"काच."

"बाबा, सर तरी येऊ देत रविवारी. मला भीती वाटते. तोपर्यंत त्याचा जबडा घट्ट झाला, नीट चावायला लागला, तर मी त्यांना नको सांगते. नाहीतर द्या त्याला. प्लीज."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? डॉक्टरीणबाई दाबून बघायच्या आणि म्हणायच्या, सुधारतोय, पण अजून चावण्यात दम नाही. मऊ पानं गिळायचा. किडा धरायचा आणि सोडून द्यायचा. महिनाअखेर आली. शनिवारी डॉक्टरीणबाईंनी मान अशी हलवली की हो पण नाही आणि नाही पण नाही. रविवारी सकाळी मी त्याचा टॉवेल, औषध आणि पिचकारी एका पिशवीत भरून ठेवली. त्या शिक्षकाच्या लाइट कशा आहेत ते बघायला आपणही सोबत जावं असं मनात ठरवलं होतं. नुसतं बघायला. हात लावायचा नाही.

आणि नेमकी त्याच सकाळी कमिटीला सवड झाली! सेक्रेटरी आणि त्यांच्यासोबत खजिनदारबाई. बाई दारातच उभ्या.

"आता कशाला आलात?" मी म्हटलं. "दुपारी जाणार आहे तो."

"विषय पटलावर आहे," सेक्रेटरी म्हणाले. "पाहणी करून निकाली काढावा लागतो. चावतो का?"

"नाही."

"खात्रीने?"

"अहो, चावायला जबड्यात जोर लागतो. तोच तर नाही. तेवढा असता तर मी पिशवी कशाला भरली असती?"

सेक्रेटरींनी लिहून घेतलं. मोठ्याने वाचलंही. "प्राणी निरुपद्रवी. चावत नाही." बाई म्हणाल्या, "दाखवा एकदा. म्हणजे मला सही करता येईल."

त्या सकाळी वायर सोलताना माझं बोट कापलं होतं. आमच्या धंद्यात बोट कापलं की त्यावर इन्सुलेशन टेप गुंडाळतात, बँडेज वगैरे दुकान सोडून जायला वेळ असलेल्यांसाठी. पिवळी टेप होती. मी पेटी उघडली आणि ते बोट साहेबांच्या तोंडासमोर धरलं. "हे बघा. आता याच्यापुढे काय धरू?"

साहेबांनी पिवळ्या टोकाकडे बघितलं. मान वाकडी केली. दगडावरून अर्धं अंग उचललं.

आणि धरलं.

असं धरलं की पक्कड लागावी. टेपमधून, कातडीतून, आत. मी हात उचलला तर साहेब बोटासकट वर आले, मागचे पाय हवेत, एकही पाय थरथरत नव्हता.

"चावला!" खजिनदारबाई किंचाळल्या आणि जिन्यात पोचल्या.

"चावला!" मी ओरडलो. "अगं ए! बाहेर ये! चावला!"

ही ओल्या हाताने धावत आली. "खरंच? जोरात?"

"जोरात म्हणजे! रक्त आलंय, बघ!"

"बघू, बघू! अगंबाई, चांगलं खोल गेलंय की हो!" हिने साहेबांचं तोंड सोडवलं, दातात अडकलेली टेप ओढून काढली आणि त्यांच्या डोक्यावरून बोट फिरवायला लागली. त्यांच्या. माझ्या नाही.

"वहिनी," सेक्रेटरी भिंतीला टेकून म्हणाले, "तुम्हाला आनंद झालाय?"

मी फोन लावला होता. लेकीने उचलला. "बाबा? काय झालं? सर आले का?"

"चावला!"

"काय?"

"चावला गं! मला! बोटाला!"

"मऊ की घट्ट?" तिने विचारलं. बापाचं बोट राहिलं की नाही हे विचारलं नाही. शहाणी आहे माझी लेक.

"पक्कड, पक्कड!"

मग फोनमधून काहीतरी आवाज यायला लागला, हसण्याचा की रडण्याचा ते कळेना. मधूनच म्हणाली, "थांबा, मी सरांना सांगते येऊ नका म्हणून. ठेवू नका, बाबा, फोन. ठेवू नका."

मी ठेवला नाही. बोटातून रक्त गळत होतं, साहेब हिच्या हातावर दाढी फुगवून बसले होते, आणि वर ती भिकार उघडी ट्यूब जळत होती. सेक्रेटरी अजून पेन धरून उभेच.

"मी 'चावत नाही' असं लिहिलं होतं," ते म्हणाले. "ते आता खोडावं लागेल."

"खोडा ना," मी म्हटलं. "आणि त्याच्याखाली लिहा, जबडा उत्तम."